मॉकिटो ५ : वारशानं आलेल्या मेथड मॉक करताना काय जमतं, काय नाही

जुन्या जावा कोडला युनिट टेस्ट, म्हणजे एकेका तुकड्याची स्वतंत्र तपासणी, लावण्याचं काम ज्यांच्या वाट्याला आलंय, त्यांनी मॉकिटो ५ हे मॉक (खऱ्याच्या जागी उभे राहणारे नकली ऑब्जेक्ट) बनवणारं साधन जरूर घ्यावं. मात्र एक भेद सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा. चाइल्ड क्लासला पॅरेंटकडून, म्हणजे ज्या क्लासवरून तो निघालाय त्याच्याकडून, जशीच्या तशी मिळालेली मेथड मॉकिटो सहज मॉक करतं. पण चाइल्डनं ती मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे त्याच नावानं स्वतःची लिहिली असेल आणि आतून ‘सुपर.’ लावून पॅरेंटची मेथड बोलावली असेल, तर तो आतला कॉल मॉकिटो अडवत नाही. टेस्ट लिहिताना आमच्या टीमचा सगळ्यात जास्त वेळ या एका भेदावर जातो, म्हणून हे परीक्षण मी मुद्दाम याच कामापुरतं ठेवलंय. मॉकिटो एरवी किती सोपं आहे, त्याच्या टेस्ट किती छान वाचता येतात, हे पुष्कळांनी लिहून झालंय.

आम्ही वडोदऱ्यात बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो. ऑफिस अलकापुरीत, गिऱ्हाइकं बहुतेक मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली. कुणी ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवतं, कुणी व्हॉल्व्ह, कुणी पंप. मार्च संपता संपता आणि एप्रिल लागताच फोन सुरू होतात, “बेन, बिल नथी नीकळतुं” (ताई, बिल निघत नाहीये). कारखान्याच्या फाटकाशी ट्रक भरून उभा असतो आणि बिलाशिवाय तो हलू शकत नाही. त्यामुळे आमच्याकडे टेस्ट लिहिणं ही हौसेची गोष्ट नाही.

कोडचा पाया जुना आहे. वर एक भलामोठा ‘बेससर्व्हिस’ क्लास आणि त्याच्या खाली इनव्हॉइस, चलन, क्रेडिट नोट, परचेस रिटर्न असे सगळे चाइल्ड क्लास. डेटाबेसमध्ये सेव्ह करणं, बिलाचा पुढचा नंबर काढणं, ऑडिटची नोंद, ईमेल पाठवणं, सगळं वरच्या बेसमध्ये. ज्या काळी हे लिहिलं गेलं त्या काळी कॉलेजात वारसा हाच ऑब्जेक्ट ओरिएंटेडचा प्राण म्हणून शिकवला जायचा. लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचं सॉफ्टवेअर आजही चालतंय. पण चाइल्डची टेस्ट लिहायला बसलं की पॅरेंट सोबत येतो आणि पॅरेंटसोबत सगळा डेटाबेस येतो.

आधी जे छान जमतं ते सांगते. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या मालिकेत चार अक्षरांचा उपसर्ग, मग तिरकी रेघ, मग ‘२५-२६’, पुन्हा रेघ आणि मग अनुक्रमांक अशी रचना आहे. अनुक्रमांक पाच अंकी असेतोवर नंबर बरोबर सोळात बसतो. तो १,००,००० झाला की सतरावं अक्षर येतं आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर बिल अडतं. हे बिल काढण्याच्या आधीच पकडायला हवं, म्हणून इनव्हॉइस क्लासमध्ये तपासणी घातली. ती तपासणी टेस्ट करायची तर वरच्या क्लासमधल्या ‘नेक्स्टनंबर()’नं १,००,००० हा आकडा द्यायला हवा, तोही डेटाबेसला हात न लावता.

इथे मॉकिटोचा स्पाय, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टची अशी प्रत जिच्यातल्या हव्या त्या मेथडचं उत्तर आपण ठरवू शकतो, फार सुंदर काम करतो. इनव्हॉइस सर्व्हिसचा स्पाय करायचा, ‘डूरिटर्न(१०००००).व्हेन(स्पाय).नेक्स्टनंबर()’ लिहायचं आणि खरी ‘बिलबनवा()’ बोलवायची. ‘नेक्स्टनंबर()’ चाइल्डमध्ये लिहिलेलीच नाही, ती पॅरेंटमध्ये आहे, तरी काही बिघडत नाही. चाइल्डच्या आतून साध्या नावानं बोलावलेली मेथड जावा त्या त्या ऑब्जेक्टकडे पाहून ठरवतं, आणि इथे ऑब्जेक्ट स्पाय आहे. त्यामुळे स्टब, म्हणजे आपण ठरवून दिलेलं उत्तर, लागू होतो. तपासणी खरी चालते, नंबर आपण दिलेला येतो. चार ओळींची टेस्ट आणि डेटाबेस कुठेही नाही. नंतर ‘व्हेरिफाय’ लावून ती पॅरेंटची मेथड एकदाच बोलावली गेली का, हेही पाहता येतं.

नवीन मुलं इथे ‘व्हेन(स्पाय.नेक्स्टनंबर()).देनरिटर्न(...)’ लिहितात, कारण साध्या मॉकला तेच शिकवलेलं असतं. स्पायवर तसं लिहिलं की कंसातली खरी मेथड आधी चालते, म्हणजे स्टब बसण्यापूर्वीच डेटाबेस शोधला जातो आणि टेस्ट नल पॉइंटरवर आपटते. स्पायला ‘डूरिटर्न’च. मॉकिटोच्या स्वतःच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलंय. ती सगळी माहिती ‘मॉकिटो’ नावाच्या एकाच क्लासच्या जावाडॉकमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या पानावर) आहे, त्यातलं तेरावं कलम स्पायचं आणि सोळावं अर्धवट मॉकचं. पान लांबलचक आहे, पण माझ्या मते कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते वाचलेलं बरं.

दुसरी अडचण ‘प्रोटेक्टेड’ची. आमची ‘नेक्स्टनंबर()’ प्रोटेक्टेड आहे, म्हणजे तिच्या पॅकेजला आणि चाइल्ड क्लासनाच दिसणारी; बेस क्लास एका पॅकेजमध्ये, इनव्हॉइस दुसऱ्यात. टेस्ट इनव्हॉइसच्या पॅकेजमध्ये लिहिली की ‘स्पाय.नेक्स्टनंबर()’ ही ओळ कंपाइलच होत नाही. हा जावाचा नियम आहे, मॉकिटोचा इथे काही संबंध नाही. यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय असा की टेस्टमध्येच इनव्हॉइस सर्व्हिसचा एक छोटा निनावी चाइल्ड करायचा आणि त्यात ‘नेक्स्टनंबर()’ ओव्हरराइड करून १,००,००० परत द्यायचे. चाइल्ड असल्यामुळे त्याला प्रोटेक्टेड मेथड दिसते. मॉकिटो लागतच नाही, आणि पुढे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं की काय बदललंय. मॉकिटोच्या परीक्षणात हे लिहितेय, कारण साधन चांगलं आहे म्हणून ते प्रत्येक ठिकाणी लावलंच पाहिजे असं नसतं.

आता ‘सुपर’कडे येते.

आमच्या इनव्हॉइस सर्व्हिसनं ‘सेव्ह()’ ओव्हरराइड केलीय. पुरवठ्याच्या ठिकाणाचा राज्य कोड २४ असेल, म्हणजे माल गुजरातेतच जात असेल, तर १८ टक्के कराचे ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी असे दोन भाग करायचे. कोड २७ आला, म्हणजे माल महाराष्ट्रात निघाला, तर सगळा १८ टक्के आयजीएसटी. हे करून शेवटची ओळ ‘सुपर.सेव्ह(बिल)’. मला टेस्ट करायची आहे कराची विभागणी. डेटाबेसमध्ये लिहिणारी ती शेवटची ओळ नको आहे.

‘डूनथिंग().व्हेन(स्पाय).सेव्ह(बिल)’ लिहिलं तर काय होतं? पॅरेंटची सेव्ह थांबत नाही, चाइल्डची थांबते. स्पायवरची ‘सेव्ह’ म्हणजे चाइल्डचीच सेव्ह. जिची टेस्ट करायची तीच मेथड रिकामी झाली. मग टेस्टमध्ये ‘स्पाय.सेव्ह(बिल)’ बोलावलं, खाली ‘व्हेरिफाय(स्पाय).सेव्ह(बिल)’ लावलं की टेस्ट हिरवी होते. ती काहीच तपासत नाही. कराची विभागणी उलटी करून ठेवली तरी ती हिरवीच राहील. स्टब वापरला गेलेला असल्यामुळे मॉकिटोची अनावश्यक स्टबिंगची सूचनाही येत नाही. आमच्या टीममधला एक मुलगा आनंदानं म्हणाला, “ताई, हिरवी आली.” मी म्हटलं, “छान. आता नऊ टक्क्यांच्या जागी एकोणीस कर आणि परत चालव.” त्यानं केलं, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. स्पाय वापरणाऱ्या प्रत्येक टेस्टला ही परीक्षा द्यायला लावावी असं माझं ठाम मत आहे. खरा कोड मुद्दाम बिघडवा आणि टेस्ट लाल होते का ते पाहा.

‘सुपर.सेव्ह()’ का अडत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. साध्या नावानं बोलावलेल्या मेथडसाठी जावा कंपायलर ‘इन्व्होकव्हर्च्युअल’ ही सूचना लिहितो, म्हणजे चालताना ऑब्जेक्टकडे बघून मेथड निवडा. ‘सुपर.’ला तो ‘इन्व्होकस्पेशल’ लिहितो, म्हणजे ऑब्जेक्ट कोणता हे न विचारता थेट पॅरेंटची मेथड चालवा. जुनं मॉकिटो आपल्या क्लासचा एक चाइल्ड चालताना तयार करायचं आणि त्यात सगळ्या मेथड ओव्हरराइड करायचं. थेट पॅरेंटकडे जाणारी वाट त्या चाइल्डच्या अंगणातून जातच नाही, मग तो अडवणार कसा?

मॉकिटो ५ची रीत वेगळी आहे. ते वेगळा चाइल्ड न करता क्लासचा आणि त्याच्या पॅरेंटचा बाइटकोडच (कंपाइल झालेला कोड) चालताना बदलतं. त्यामुळे अनेकांना वाटतं की आता सुपरही अडेल. मलाही उत्सुकता होती, म्हणून मी त्याचा सोर्स उघडून वाचला. प्रत्येक मेथडच्या तोंडाशी मॉकिटो जो तपासणीचा तुकडा घालतं, त्यात एक प्रश्न असतो की या ऑब्जेक्टच्या क्लासनं ही मेथड ओव्हरराइड केलीय का? केली असेल तर पॅरेंटची मेथड न अडवता तशीच चालू द्यायची. म्हणजे ही राहून गेलेली गोष्ट नाही, ठरवून केलेली आहे. मला हा निर्णय पटतो. एकाच नावाच्या दोन मेथड, एक चाइल्डची, एक पॅरेंटची. ‘व्हेन(स्पाय).सेव्ह()’ म्हटल्यावर त्यातली कुठली धरायची, याला एकच सरळ उत्तर राहतं, आणि टेस्ट वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

एवढ्यावर नाराज होऊन लोक पॉवरमॉक या दुसऱ्या मॉकिंगच्या साधनाकडे वळतात, म्हणून त्याबद्दल थोडं. पॉवरमॉक हे काम करतं, यात वाद नाही. त्यात ‘सप्रेस’ आहे, पॅरेंटच्या मेथड, अगदी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) सुद्धा गप्प करता येतो. पण त्यासाठी ते स्वतःचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) वापरतं, आणि ज्या क्लासला आपण ‘प्रिपेअरफॉरटेस्ट’ लावतो त्याचं कव्हरेज, म्हणजे टेस्टनी कोडचा किती भाग चालवला ते, जाकोको या मोजणाऱ्या साधनाच्या नेहमीच्या पद्धतीत शून्य दिसतं, वेगळी ऑफलाइन खटपट करावी लागते. त्याचा रनर (टेस्ट चालवणारा भाग) जेयुनिट या टेस्टच्या फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीचा. शेवटची आवृत्ती २.०.९, ती २०२० सालची. जावा १७ पासून आतले पॅकेज कडक बंद झाल्यावर ‘ॲडओपन्स’च्या ओळी जोडाव्या लागतात त्या निराळ्या. ज्यांचं सगळं जावा ८ वर थांबलंय आणि कोडला हातच लावायचा नाही, त्यांना आजही ते उपयोगी पडेल. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी ते घ्यायला सांगणार नाही.

मग सुपरचं करायचं काय? मी आधी बघते की पॅरेंटची मेथड खरोखर बंद करायची गरज आहे का. आमची ‘बेससर्व्हिस.सेव्ह()’ शेवटी दोनच गोष्टींकडे जाते, एक रिपॉझिटरी (डेटाबेसमध्ये लिहिणारा भाग) आणि एक ऑडिट. दोन्ही बेस क्लासच्या प्रायव्हेट फील्डमध्ये आहेत. त्या दोघांचे मॉक केले आणि चाइल्डवर ‘इंजेक्टमॉक्स’ लावलं की मॉकिटो वारशाची साखळी वरपर्यंत चढून पॅरेंटच्या प्रायव्हेट फील्डमध्येही ते मॉक बसवतं. मॉकिटो ५ मधली ही माझी सगळ्यात आवडती सोय. ‘सुपर.सेव्ह()’ खरी चालते, रिपॉझिटरीपर्यंत पोचते, आणि तिथे मॉक उभा असतो. ‘आर्ग्युमेंटकॅप्टर’नं त्याच्या हातात आलेलं बिल उघडून बघायचं की कोड २४ असताना ९ आणि ९ आले का, २७ असताना एकच १८ आला का. कराची विभागणी तपासली गेली, शिवाय ती पॅरेंटपर्यंत नीट पोचते हेही. फक्त दोन पथ्यं पाळावी लागतात. फील्ड ‘फायनल’ (एकदा भरल्यावर न बदलणारं) असेल तर ते भरलं जात नाही, आणि चाइल्डला आर्ग्युमेंट घेणारा कन्स्ट्रक्टर असेल तर मॉकिटो मोठ्यात मोठा कन्स्ट्रक्टर वापरून तिथेच थांबतं, फील्डकडे येत नाही. ही दुसरी गोष्ट कुठलीही सूचना न देता घडते. माझी मॉकिटोविरुद्ध काही तक्रार असेल तर ती हीच.

पॅरेंटची मेथड फारच पसरलेली असेल, तिच्यातून ईमेलही जात असेल, तर चाइल्डमध्ये एक छोटी मेथड काढायची, ‘पॅरेंटमध्येसेव्ह(बिल)’, आणि तिच्या आत फक्त ‘सुपर.सेव्ह(बिल)’. चाइल्डची ‘सेव्ह()’ आता हिला साध्या नावानं बोलावते, आणि साधं नाव म्हणजे स्पाय अडवू शकतो. ‘डूनथिंग().व्हेन(स्पाय).पॅरेंटमध्येसेव्ह(बिल)’. खऱ्या कोडमध्ये एका मेथडची भर, एवढीच किंमत. काही जण म्हणतात की टेस्टसाठी खरा कोड बदलू नये. मी मानत नाही. जी जागा टेस्टला हात घालायला मिळत नाही, ती पुढे बदल करणाऱ्यालाही मिळत नाही. आणि चाइल्डनं जी मेथड ओव्हरराइडच केलेली नाही, तिच्यापुढे सवयीनं ‘सुपर.’ लावलेलं असेल तर ते सरळ काढून टाका. आमच्याकडे अशा ओळी पुष्कळ निघाल्या.

पण खरं समाधान मला मिळालं ते ‘नेक्स्टनंबर()’ पॅरेंटमधून उचलून ‘नंबरमालिका’ नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये टाकल्यावर. इनव्हॉइसला ती कन्स्ट्रक्टरमधून मिळते. आता स्पाय नाही, प्रोटेक्टेडची अडचण नाही. साधा मॉक, साधं ‘व्हेन... देनरिटर्न’. क्रेडिट नोटची मालिका वेगळी हवी म्हटल्यावर दुसरी मालिका हातात दिली की झालं. हे काम मॉकिटोनं सुचवलं नाही, पण स्पायच्या टेस्ट लिहिताना जिथे जिथे हात अडखळला तिथे तिथे वारसा चुकीचा होता, हे दिसत गेलं. त्यामुळे मी टीमला सांगते, स्पाय लिहावा लागला की फाइलच्या वर एक नोंद करा. त्या नोंदी म्हणजे आमची पुढच्या दुरुस्तीची यादी.

पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरबद्दलही जपा. ‘स्पाय(न्यू इनव्हॉइससर्व्हिस())’ लिहिलं की चाइल्ड बनताना पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतोच, आणि तिथे कुणी कनेक्शन उघडून ठेवलं असेल तर टेस्ट पहिल्याच ओळीत पडते. ‘मॉक’ला ‘कॉल्स रियल मेथड्स’ देऊन केलं तर कन्स्ट्रक्टर टळतो, पण मग सगळी फील्ड नल किंवा शून्य राहतात. शिवाय स्पाय हा मूळ ऑब्जेक्टची प्रत असतो, मूळ ऑब्जेक्टमध्ये नंतर केलेला बदल त्याला दिसत नाही.

फायनल मेथडचा, म्हणजे चाइल्डला ओव्हरराइड करता न येणाऱ्या मेथडचा, प्रश्न मात्र मॉकिटो ५नं जवळजवळ मिटवला. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या ‘जेडीबीसीडाओसपोर्ट’वरून ज्यांचे डाओ (डेटाबेसशी बोलणारे क्लास) निघालेत त्यांना माहीत असेल, त्यातली ‘गेटजेडीबीसीटेम्प्लेट()’ फायनल आहे. जुन्या मॉकिटोत ती स्टब होत नसे. दुसऱ्या आवृत्तीत, २०१६ साली, मॉक बनवण्यासाठी आत वापरलेली सीजीलिब लायब्ररी जाऊन बाइट बडी आली आणि फायनलची सोय प्रायोगिक म्हणून मिळाली, पण त्यासाठी ‘मॉकिटो-एक्स्टेन्शन्स’मध्ये एक फाइल ठेवावी लागायची. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ५.० पासून ती सोय आपोआप चालू असते. तरी या डाओच्या बाबतीत मी ‘सेटजेडीबीसीटेम्प्लेट()’लाच मॉक टेम्प्लेट देते. दार दिलेलं असताना भिंत कशाला पाडायची?

किंमत काहीच नाही, एमआयटी परवाना आहे, व्यापारी सॉफ्टवेअरच्या टेस्टमध्ये निर्धास्त वापरा. जावा किमान ११ लागतं. ८ वर अडकलेल्यांना चौथ्या आवृत्तीवर राहावं लागेल, आणि तिथे फायनलसाठी ‘मॉकिटो-इनलाइन’ वेगळं जोडा. या एका कामापुरते माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो ‘इंजेक्टमॉक्स’च्या गप्प बसण्याबद्दल.

जावा २१ वर असाल तर टेस्ट चालताना एक इशारा दिसेल की एजंट (बाइटकोड बदलणारा मॉकिटोचा भाग) चालू प्रोग्रॅममध्ये जोडला जातोय आणि पुढे हे बंद होईल. दुर्लक्ष करू नका. मेव्हन या बिल्डच्या साधनात डिपेंडन्सी प्लगइनचं ‘प्रॉपर्टीज’ गोल लावा आणि टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनच्या ‘आर्गलाइन’मध्ये ‘जावाएजंट’ म्हणून मॉकिटो-कोअरचा जार द्या. तसं करताना आधीची आर्गलाइन पुसली जाणार नाही हे बघा, जाकोको आपली ओळ तिथेच घालतं. ती ओळ गेली तर टेस्ट सगळ्या हिरव्या आणि कव्हरेजचा अहवाल रिकामा, असं दिसेल.